मोठ्यानं वाचलेला आकडा

वीजमीटर वाचायला निघताना मीटरबाई पिशवीत चार वस्तू टाकते. काच पुसायचं फडकं, टॉर्च, उंचावरच्या मीटरसाठी काठीला बांधलेला छोटा आरसा आणि पाण्याची बाटली. वाटेवरच्या कुठल्याही घरचं पाणी ती पीत नाही. एकोणीस वर्षांत प्यायलेली नाही. ज्या म्हाताऱ्या रीडरनं तिला काम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पाणी घेतलंस की टेकावं लागेल, टेकलीस की गप्पा निघतील, आणि गप्पा निघाल्या की आकडा हलेल. दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती अशी, की आकडा आधी मोठ्यानं म्हणायचा आणि मगच नोंदवायचा. घरातल्या माणसाच्या कानावर पडला पाहिजे, म्हणजे मागून भांडण नको.

तिनं दोन्ही गोष्टी पाळल्या. तीन ठेकेदार बदलले, हातातलं यंत्र चार वेळा बदललं, गुडघे कुरकुरायला लागले, पण तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. लहान मुलं तिच्यामागे तेच आकडे ओरडत पळायची.

त्या दिवशी सकाळी पिशवीत पाचवी वस्तू होती. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं आदल्या दिवशी सगळ्यांना एकेक नवा फोन दिला होता. "आता आकडा नुसता टाकून चालणार नाही. प्रत्येक मीटरचा फोटो. फोटो नाही तर रीडिंग नाही," असं तो म्हणाला तेव्हा बाकीचे रीडर फोनचा कॅमेरा कसा आहे ते बघत होते. मीटरबाईनं मात्र तो तसाच पिशवीच्या तळाशी टाकला होता.

"अगं, उंबऱ्यात उभी राहून काय वाचतेस? आपला मीटर आत आहे," नवरा म्हणाला. तो टेम्पो चालवतो आणि कुठल्याही प्रसंगी बोलल्याशिवाय राहत नाही.

"निघतेच आहे."

"मग तोंड का एवढंसं झालंय? फोटो मीटरचा काढायचाय, तुझा नाही."

"अहो, त्या फोनवरून फोटो एकदा गेला की परत घेता येतो का?"

"फोटो परत घेता आले असते तर मी आपल्या लग्नातले कधीच घेतले असते."

मुलगी आतून खळखळून हसली. मीटरबाईला हसू आलं नाही. तिनं चपला घातल्या आणि जिना उतरली.

तिला कशाची भीती होती ते कळायला वर्षभर मागं जावं लागेल. सगळंच महाग होत चाललं होतं. तेल, दूध, औषधं, घरभाडं, बसचं तिकीट. लोकांनी आधी फळं आणायची सोडली, मग दुधात पाणी वाढवलं. शेवटी सरकारनं विजेच्या बिलाची योजना आणली. ज्या घरात महिन्याला एकशे वीस युनिटच्या आत वीज लागेल, त्या घराचं अर्धं बिल सरकार भरणार. एकशे वीसच्या वर गेलात की त्या महिन्याची मदत गेली. आणि एकदा जरी दीडशे ओलांडलं, तर वर्षभरासाठी यादीतून नाव बाद.

तोवर मीटरबाईला कुणी विचारत नव्हतं. दार उघडायचा कंटाळा करून लोक आतूनच ओरडायचे, "बाहेरच आहे, बघून घ्या!" योजना आली आणि लोक तिची वाट बघत दारात उभे राहायला लागले. कुणी हात जोडायचं, कुणी डोळे वटारायचं. कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "आल्या, आल्या, परीक्षेच्या बाई आल्या! बोला, पास की नापास?" एक आजी तर रीडिंगच्या दिवशी पहाटेपासून फ्रिज बंद करून बसायची. "आजी, हा पेपरच्या दिवशी पुस्तक उघडायचा प्रकार झाला," असं मीटरबाई तिला सांगायची, तरी पुढच्या महिन्यात फ्रिज बंदच.

मीटरबाई सगळ्यांशी हसायची आणि आहे तो आकडा म्हणायची. एकशे बावीस असेल तर एकशे बावीस. लोक शिव्या देत, ती पुढच्या दाराशी जाई. एक घर सोडून.

ते घर शिलाईवालीचं. शेवटच्या गल्लीतलं, शेवटून चौथं. पुढच्या खोलीत मोटर लावलेलं शिलाई मशीन, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आणि इस्त्रीचं टेबल. मागच्या खोलीत खाटेवर सासरे. तीस वर्षं बस चालवलेला माणूस दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी घातलेली. तिला छोटा पंप होता. पंप सुरू असला की गादीचे कप्पे आळीपाळीनं फुगायचे आणि बसायचे, त्यामुळे अंगाचा भार एका जागी राहत नसे. सासरे त्या गादीला विमान म्हणायचे. "जन्मभर बस चालवली आणि आता विमानात बसलो. तेही आडवं पडून! एवढी चैन कुणाची असते?" शिलाईवालीचा नवरा दुसऱ्या गावी कामाला होता, दोन महिन्यांनी एकदा यायचा. घर तिच्या पायावर चालत होतं, मशीनच्या पायावर म्हणायला हवं.

चार महिन्यांपूर्वीच्या रीडिंगला मीटरबाईनं त्या घराची काच पुसली आणि मागचा आकडा वजा केला. एकशे तेवीस. तीन युनिट जास्त. शिलाईवालीच्या ओठांत टाचण्या होत्या, बोलता येत नव्हतं. तिनं नुसत्या भुवया उंचावून विचारलं, किती? त्या टाचण्या किंचित थरथरत होत्या. मीटरबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "एकशे एकोणीस."

निघालं आधी, कळलं नंतर. शिलाईवालीनं टाचण्या हातात घेतल्या, मोठा श्वास सोडला. "देव पावला, ताई. पाणी देऊ?"

"नको गं," म्हणून मीटरबाईनं जे म्हटलं होतं तेच नोंदवलं. चार युनिटचा तर प्रश्न होता. पुढच्या महिन्यात वापर उतरला की आपोआप भरून निघेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एकोणीस वर्षं हे काम केलेल्या बाईनं असं स्वतःला सांगावं, हीच नवलाची गोष्ट. मीटर काही विसरत नाही. न नोंदवलेले ते चार युनिट काचेआड तसेच बसून राहिले. पुढच्या महिन्यात घराचा वापर वाढलाच होता, त्यात हे चार. खरं बोलायचं तर आता मागचंही सांगावं लागलं असतं. तिनं म्हटलं, "एकशे अठरा." मग एकशे एकोणीस. मग एकशे सतरा. काचेआडचे दडवलेले युनिट चाराचे सतरा झाले, सतराचे बत्तीस, बत्तिसाचे अठ्ठेचाळीस. तिनं हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

आणि आता फोटो. या महिन्याचा खरा वापर आणि मागचे अठ्ठेचाळीस, मिळून आकडा दीडशेच्या पार जाणार होता. शिलाईवालीचं नाव बाद होणार होतं. वर्षभरासाठी. आणि हे सगळं तिला काहीच कल्पना नसताना.

एक पळवाट होती. फोनमध्ये प्रत्येक अडचणीला नंबर होता. एक म्हणजे घराला कुलूप, दोन म्हणजे कुत्रं, असं करत करत सहा नंबर म्हणजे मीटर बंद. सहा दाबलं की आकड्याचा फोटो लागत नाही. बिल मागच्या महिन्यांच्या सरासरीवर निघतं, आठवड्याभरात नवा मीटर बसतो आणि जुना मीटर पोटातल्या दडवलेल्या युनिटांसकट निघून जातो. जिना उतरल्यापासून मीटरबाई तो सहा नंबर तोंडात सुपारी धरावी तसा धरून चालली होती.

पहिली शंभर घरं कशी झाली ते तिला कळलं नाही. फडकं, टॉर्च, आकडा, फोटो. फडकं, टॉर्च, आकडा, फोटो. न्हावी बाहेर आला.

"काय परीक्षेच्या बाई, आज आवाज बसलाय का? माझा निकाल मलाच ऐकू येईना."

"एकशे चौदा!" ती ओरडली.

"पास! अहो, ऐकलंत का, पास झालो!" तो आतल्या गिऱ्हाइकाला म्हणाला. मग आवाज खाली आणून, "बरं वाटत नाही का बाई? टेका जरा."

"टेकायला वेळ नाही हो."

चालताना सहा नंबरची दुसरी बाजू तिच्या मनात यायला लागली. काढून नेलेला मीटर कधीकधी तपासायला जातो. तीन वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याच्या घरचा गेला होता. मीटर ठणठणीत निघाला, तेव्हा रीडरला कुणी विचारलं नाही. नोटीस रंगाऱ्याला आली, मीटरशी छेडछाड केल्याची. दंड भरता भरता त्याच्या नाकी नऊ आले. पण दर वेळी थोडंच तपासतात? दहातला एखादा. फार तर दोन. मीटरबाईनं तो विचार मागं ढकलला. तो मागं राहिला नाही, तिच्या बरोबरीनं चालत राहिला.

शेवटच्या गल्लीच्या तोंडाशी कुलूपवाले काका राहतात. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवून देतात. घरात त्यांच्या बायकोसाठी दोन-तीन महिन्यांपासून ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर सुरू असतं. तेव्हापासून त्यांचा आकडा एकशे विसाच्या आत आलेला नाही. मीटरबाईनं आकडा म्हटला, फोटो काढला आणि निघणार तोच काकांनी एक पाकीट पुढं केलं.

"पोरी, जरा थांब. सरकारचं आलंय. चष्मा लावला तरी बारीक अक्षर नाचतं माझ्यापुढं. वाचून दाखव."

तिनं कागद उघडला. आकडे वाचायची सवय असल्यानं ती पत्रसुद्धा ठणकावून वाचायला लागली. "आपल्या घरी सलग दोन महिने एकशे वीस युनिटांपेक्षा अधिक वीजवापर झाल्याचे दिसून येते. घरातील रुग्णासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरात असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज करावा. अशा घरांसाठी मदतीची मर्यादा दोनशे युनिटांपर्यंत वाढविण्यात येईल..."

"म्हणजे आम्हाला मिळणार?" काका खुर्चीवरून अर्धे उठले.

ती पुढं वाचत गेली. पत्राखाली उपकरणांची यादी होती. ऑक्सिजनचं यंत्र, वाफेचं यंत्र, आणि तिसरं, हवेची गादी. तिचा आवाज तिथंच तुटला.

"अगं, मिळणार ना?"

"मिळणार काका. नक्की मिळणार. हे पत्र कुणाकुणाला येतं?"

"जे वर गेलेत त्यांना. आत आहेत त्यांना कशाला पाठवतील? त्यांचं चाललंय की बरं."

ती बाहेर येऊन पायरीशी उभी राहिली. बाटली काढून तोंडाला लावली तर दोनच घोट निघाले. रिकामी बाटली तिनं परत पिशवीत टाकली.

शिलाईवालीचे खरे आकडे गेले असते, तर हे पत्र तिला तीन महिन्यांपूर्वीच आलं असतं. दोनशेची मर्यादा. म्हणजे मशीन, इस्त्री, गादी सगळं बसलं असतं त्यात, वर पंखाही. ते पत्र घरी येऊ नये याची पक्की व्यवस्था मीटरबाईनं स्वतः केली होती, दर महिन्याला, मोठ्या आवाजात. आणि आज सहा नंबर दाबला तर बिल सरासरीवर निघणार. सरासरी एकशे अठराच्या आसपास. म्हणजे यापुढंही पत्र नाही. फोटो पाठवला तर आकडा दीडशेच्या वर, नाव सरळ बाद. तिथंही पत्र नाही. दोन्ही वाटा बंद होत्या. खरे महिने खऱ्या आकड्यांसकट सांगितले तरच तिसरी वाट निघत होती, आणि ते सांगू शकणारं माणूस एकच होतं.

शिलाईवालीनं मशीन थांबवलं आणि हसतच उठली. "या ताई, वाटच बघत होते. पाणी?"

"नको गं."

"तुम्ही काही माझ्या घरचं पाणी पिणार नाही. बरं, आज काय बघा, शंभराच्या जवळ आणते की नाही आकडा! गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. युक्ती सापडलीय मला."

"कसली युक्ती?"

शिलाईवालीनं मागच्या खोलीकडे मान केली आणि आवाज उतरवला. "दुपारी बारा ते चार पंप बंद ठेवते. चार महिने झाले. बाबांना मीच दर अर्ध्या तासानं कुशीवर वळवते. बंद ठेवायला लागले तसा आकडा लगेच उतरला बघा, एकशे अठरा झाला. तुमच्या आकड्यावरूनच कळलं ना की जमतंय म्हणून."

मागच्या खोलीतून मलमाचा वास येत होता.

"त्यांच्या पाठीला काही...?"

"कंबरेला थोडं लाल झालंय. औषध लावतेय. परवा गणवेशांची घाई होती, दोनदा वळवायचं राहून गेलं." तिनं मशीनवरचा गणवेश सारखा केला. "पण आकडा आत राहिला पाहिजे ना, ताई."

मीटरबाईला त्या पंपाचं सगळं ठाऊक होतं. छोट्या दिव्यापेक्षाही कमी वीज खातो तो. चार तास बंद ठेवून महिन्याला जेमतेम युनिटभर वाचत असेल. वीज खात होती ती इस्त्री.

"तो पंप काहीच खात नाही गं," ती म्हणाली.

"खात नाही कसा? आकडा उतरला की!"

"आकडा उतरला नाही. मी उतरवला."

मीटरबाईनं सगळं सांगितलं. टाचण्यांपासून. चार, सतरा, बत्तीस, अठ्ठेचाळीस. मग कुलूपवाल्या काकांचं पत्र. यादीतली तिसरी ओळ. सांगताना तिनं मध्ये एकदाही श्वास घेतला नाही, कारण थांबली असती तर पुढचं राहिलं असतं.

"मी मागितलं होतं?" शिलाईवालीनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाही."

"कधी म्हटलं होतं, ताई, दोन युनिट कमी करा? त्या न्हाव्यासारखं कधी लाडीगोडी लावली?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" आता तो साधेपणा गेला. "मी दुपारभर त्या माणसाला या कुशीवरून त्या कुशीवर करतेय. मनगटं भरून येतात. आणि वर तोंड करून सांगत फिरतेय, बघा, मी करून दाखवलं! कुणाला दाखवत होते मी? तुम्हाला दया आली आणि माझी अक्कल गहाण पडली. चार महिने मूर्ख बनवलंत मला, ताई. माझ्याच घरात उभं राहून."

मला तुझं वाईट वाटलं, एवढंच मीटरबाईकडे होतं, आणि ते आता बोलायची सोय राहिली नव्हती.

"काय गं, कोण आलंय?" मागून सासऱ्यांनी विचारलं.

"मीटरवाल्या ताई, बाबा."

"अच्छा. मग विमान कधी उडवणार? वैमानिक कंटाळला."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. शिलाईवाली आत गेली. खटका पडल्याचा आवाज आला, मग पंपाची बारीक घरघर सुरू झाली, आणि सासरे म्हणाले, "आज वेळेआधी? बढती मिळाली वाटतं मला."

ती बाहेर आली तेव्हा तिनं डोळे पुसलेले होते. "फोटो काढा," ती म्हणाली.

मीटरबाईनं काच पुसली. टॉर्च धरला. मागचा आकडा वजा केला.

"मोठ्यानं म्हणा. दर वेळी म्हणता ना?"

"एकशे ऐंशी."

शेजारच्या दारात कुणीतरी भांडी घासायचं थांबलं. फोटो निघाला. फोनवर लाल अक्षरं आली. वापर नेहमीपेक्षा फार जास्त दिसतो, आकडा बरोबर आहे का? हो की नाही. तिनं हो दाबलं. खाली शेरा लिहायला जागा होती. बोटं जाड, अक्षरं बारीक. तिनं लिहिलं, मागील चार महिन्यांची नोंद माझ्याकडून मुद्दाम कमी झाली. ग्राहकाचा दोष नाही. खरे आकडे कार्यालयात सांगते.

पाच मिनिटांत सुपरवायझरचा फोन आला. तो एरवीही ओरडूनच बोलायचा, त्यामुळे स्पीकर न लावता शिलाईवालीला सगळं ऐकू जात होतं.

"बाई, तुम्हाला वेड लागलंय का? शेऱ्यात काय लिहून ठेवलंय हे? अजून माझ्यापाशीच आहे, मी परत पाठवतो. सहा नंबर टाका आणि मिटवून टाका!"

"सहा टाकला तर मीटर तपासायला जाईल."

"गेला तर गेला."

"ठणठणीत निघाला तर?"

"ते ग्राहकाचं ग्राहक बघून घेईल. तुमचं काय जातंय?"

शिलाईवालीनं मशीनची कड घट्ट धरली होती. मीटरबाईनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आणि नाही टाकला तर?"

"तर माझ्या हातात काही राहत नाही. मुद्दाम लिहिलंय तुम्ही, मुद्दाम! उद्यापासून येऊ नका म्हणतील. एकोणीस वर्षांवर पाणी सोडाल का एका घरापायी?"

तिला घर आठवलं. टेम्पोचे हप्ते, मुलीची फी, नवऱ्याचे विनोद. त्यांच्या घराचा आकडाही दर महिन्याला एकशे पंधरा-सोळाच असतो, तो ती रोज सकाळी उठून बघते. आतून पंपाची घरघर येत होती.

"आहे तसंच पुढं पाठवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शिलाईवालीनं कपाटाच्या खणातून एक जाडसर फाइल काढली. गादी घेताना डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तिच्यात होती.

"कार्यालय कधी बंद होतं?"

"पाचला."

"शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवते. तुम्ही उरलेली घरं करून या. मग माझ्याबरोबर यायचं. आत्ता मला सांगितलंत ना, ते सगळं तिथं सांगायचं." दाराशी आलेल्या मीटरबाईला तिनं मागून पुन्हा म्हटलं, "मोठ्यानं."

उरलेली तीन घरं. पहिलं शहाण्णव. दुसऱ्याला कुलूप. तिसरं घर बेकरीत काम करणाऱ्या एका तरुणाचं. त्याच्या खांद्यावर महिन्याभराचं बाळ झोपलं होतं, त्याला थोपटत तो मीटरपाशी येऊन उभा राहिला.

तिनं काच पुसली, वजाबाकी केली, पुन्हा केली.

"किती?" त्यानं कुजबुजून विचारलं.

"एकशे एकवीस."

"एकच वर?" बाळ दचकू नये म्हणून तो ओरडूही शकत नव्हता. "एक युनिट, बाई. एकानं कुणाचं काय बिघडतंय? बाळंतिणीला पाणी तापवायला लागतं. एक कमी करा. कुणाला कळणार आहे?"

त्याचे डोळे तांबारले होते, पहाटेपासून भट्टीपुढं उभं राहिल्यानं की जागरणानं कोण जाणे. मीटरबाईच्या ओठांवर शब्द आला. किती सोपा होता तो.

"मलाही वाटलं होतं एकदा, काय बिघडतंय," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात ते एक युनिट तुझ्याच दारात उभं राहील. आणि एकटं राहणार नाही."

"म्हणजे?"

तिनं फोटो काढला. हो दाबलं.

"माणुसकी नाही राहिली," तो बाळाच्या डोक्यावरून म्हणाला. तिनं ऐकलं आणि पिशवी खांद्याला लावली.

दोघी बसनं गेल्या. शेजारी बसल्या, फाइल शिलाईवालीच्या मांडीवर. कार्यालयात पोचल्या तेव्हा साडेचार होऊन गेले होते. खिडकीपुढं रांग होती, तीत बहुतेकांच्या हातात तसलीच पाकिटं. खिडकीतल्या कारकुनानं फाइल चाळली, फोनवरचा शेरा त्याच्या पडद्यावर पोचलेलाच होता, तो वाचला आणि मान वर न करताच विचारलं, "चूक नक्की कुणाची? ग्राहकाची की रीडरची?"

"माझी," मीटरबाई म्हणाली. गल्लीच्या टोकाला जावा असा तो आवाज होता. रांगेतले लोक वळून बघायला लागले. मग तिनं महिन्यामागून महिना खरा आकडा सांगितला, एकशे तेवीस, एकशे एकतीस, एकशे चौतीस, एकशे तेहतीस, आणि या महिन्याचा एकशे बत्तीस. एकदाही अडखळली नाही. कारकून लिहीत गेला.

"फेरहिशोब होईल," तो शेवटी म्हणाला. "चारही महिने वर जातात, त्यांची मदत परत भरावी लागेल. हप्ते करून देतो. मर्यादेचा अर्ज घेतलाय, दाखला चालेल. पुढच्या बिलापासून दोनशे." त्यानं शिक्का मारून पावती शिलाईवालीपुढं सरकवली आणि पेनानंच मीटरबाईला बाक दाखवला. "तुम्ही बसा तिथं. साहेबांनी आत बोलावलंय. ओळखपत्र आणि फोन काढून ठेवा."

शिलाईवालीनं पावती नीट वाचली, घडी करून फाइलमध्ये ठेवली. घड्याळ बघितलं. बाबांना वळवायची वेळ झाली होती, आता पंप सुरू असला तरी. ती दाराकडे चालू लागली. मीटरबाई बाकावर बसली आणि पिशवीतल्या वस्तू एकेक काढून मांडीवर ठेवू लागली. फोन. टॉर्च. आरशाची काठी. फडकं. कार्यालयाचं काय आणि स्वतःचं काय, ते तिला वेगवेगळं लावून ठेवायचं होतं. बाटली स्वतःची होती.

समोर सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं. शिलाईवाली परत आली होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता. तिनं मांडीवरची रिकामी बाटली उचलली, व्हरांड्यातल्या नळाशी गेली, भरून आणली आणि बाकावर ठेवली. मग गेली.

आतून हाक आली. मीटरबाईनं बाटलीचं झाकण उघडलं, अर्धी बाटली एका दमात संपवली आणि उठली.